ऐकलं नाही तोवर

"हळू ग, चंद्री. काळपुळी आहे ती, भरायचं वांगं नव्हे," उशीत तोंड खुपसून अप्पा म्हणाले.

चंद्रमतीने हात आवरला. पाठीवरची गाठ कालच्याहून मोठी दिसत होती. भोवतीची कातडी जांभळी पडून तुकतुकत होती. वाटलेला कडुलिंब तिने कडेकडेने लावला आणि वर जुन्या धोतराची मऊ पट्टी ठेवली.

"वैद्य म्हणाले, दोन दिवसांत तोंड धरेल. मग हलकं वाटेल."

"वैद्याला काय! तो बाहेरून बघतो, मी आतून बघतोय."

असं काही बोलले की अप्पा स्वतःच आधी हसत. आज हसल्यावर कळ आली, तेव्हा त्यांनी हसू अर्ध्यावर सोडलं आणि म्हणाले, "पट्टी बांध. वेंकूबाई आली तर म्हणेल, बाप-लेक गप्पा मारत बसलेत."

अप्पा, म्हणजे चिदंबरराव, तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या अन्नछत्रातले वाढपी. तंजावरचं मराठी राज्य होतं तेव्हा त्यांचे वडील तिथे वाढत असत. पुढे राज्य खालसा झालं, छत्राचा कारभार सरकारी बोर्डाकडे गेला, आणि वडिलांच्या हातचं ताकाचं भांडं चिदंबररावांच्या हाती आलं. रामेश्वरला निघालेले यात्रेकरू पंगतीला बसत. कोणी तेलंगणातला, कोणी काशीकडचा. 'आणखी घ्या' एवढं अप्पांना त्या सगळ्यांच्या भाषांत म्हणता येई. त्यापुढे एक अक्षर येत नसे. स्वतः ते रामेश्वरला कधी गेले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणत, "मी गेलो तर इथं ताक कोण वाढील?" लोकांना तो विनोद वाटे. चंद्रमतीला लहानपणी ते खरंच वाटायचं आणि अजूनही थोडंसं वाटत होतं.

सासर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून ती रोज दुपारी येई. अप्पांना मोडी वाचता येई, बाळबोध छापील अक्षर त्यांना जड जाई. पुण्याहून येणारी पुस्तकं तीच वाचून दाखवायची. आवडलेल्या जागी अप्पा "हं" म्हणत, न आवडलेल्या जागी झोपत.

"चंद्रे! झालं का ग?" अंगणातून वेंकूमावशीची हाक आली, आणि हाकेच्या मागोमाग मावशी.

वेंकूमावशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण ओरत्तनाडूच्या मराठी घरांतून तिला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. दर आवणीत, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, ती पंधरा-वीस माणसं जमवून पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मेला पायी नेई. बरोबर बैलांची वंडी असायची. तिच्यात तांदूळ, भांडी, ताकाचे रांजण आणि थकलेल्यांना बसायला थोडी जागा. ही यात्रा चंद्रमतीने करायची, हेही मावशीनेच ठरवलं होतं. गळवं, फोड, देवी ही सगळी मारिअम्मेची उष्णता. देवळाजवळच्या तळ्यात गूळ सोडावा. तो विरघळतो तसा फोड विरघळतो. मात्र चालणारं माणूस रक्ताचं हवं. रघुनाथ, चंद्रमतीचा भाऊ, तालुका कचेरीत कारकून होता. शिवाय असल्या दुखण्यात मुलाने बापाजवळून हलू नये. राहिली मुलगी. मावशी म्हणाली, रघुनाथाने मान हलवली, चंद्रमतीच्या नवऱ्याने "जाऊन ये" म्हटलं. तिने शिदोरीचे तांदूळ निवडायला घेतले.

"हात धुऊन ये," मावशी म्हणाली. "काप्पू बांधायचा आहे. एकदा बांधला की पू-रक्ताला हात लावायचा नाही. मेल्याबिल्याची गोष्ट आयकायची नाही. देवीपाशी सुटेल तोवर तू देवीची."

हळदीत भिजवलेला दोरा मनगटाला बसला. अप्पांनी मान वळवून पाहिलं.

"मग आता मज हात लावायचा नाही होय हिनं?"

"वत्सला आहे की," मावशी म्हणाली. "सून कशाला असते?"

"ती पट्टी फार आवळते," अप्पा पुटपुटले. मग चंद्रमतीकडे बघून म्हणाले, "वाटेत ताकाचे मांडव लागतील, मोर पंदल. ताक पातळ असेल तर परत येऊन सांग मज. त्यांना माणसांना पाजायचं असतं, का पाय धुवायचे असतात, कळत नाही."

उशी सरकली होती. ती नीट करायला चंद्रमती पुढे झाली आणि मावशीने डोळे वटारताच थांबली. उंबऱ्याशी उभी राहूनच ती म्हणाली, "येते, अप्पा."

"हं," अप्पा म्हणाले. आवडलेल्या जागी म्हणत, तसं.

पहिला दिवस धुळीत आणि मावशीच्या आरडाओरड्यात गेला. कोणी मागे रेंगाळलं तर ती म्हणे, "काय हो, लग्नाच्या वरातीत आलात काय?" शेजारची राजम म्हणजे चंद्रमतीची बालमैत्रीण, ती मावशीची हुबेहूब नक्कल करी आणि पकडली गेली की सुब्रमण्यमकडे बोट दाखवी. वंडी हाकणारा सुब्रमण्यम जन्माने तमिळ. मराठी घरांची भाडी करत वाढलेला, त्यामुळे मराठीत भांडायचा आणि तमिळमध्ये गायचा. दिवसभर तो गात होता. संध्याकाळी सगळे वाटेवरच्या दगडी मंडपात उतरले. उद्याचा टप्पा शेवटचा. वडवारू नदी ओलांडली की देवळाचं गोपुर दिसतं.

सकाळी चंद्रमती कालव्यावर अंघोळ करून, ओलं लुगडं पिळत येत होती. मंडपापुढे एक जुटका उभा होता. घोडा फेसाने भिजला होता. कोणी पागोटेवाला वेंकूमावशीशी बोलत होता. त्याची पाठ तिच्याकडे होती. ती पोचेपर्यंत जुटका वळून गेलाही.

"कोण होता, मावशी?"

"तंजावरला जाणारा कोणीतरी. पाणी मागत होता."

जुटका तंजावरकडे गेला नव्हता. आला होता त्याच वाटेने ओरत्तनाडूकडे गेला होता. चंद्रमतीने ते पाहिलं. काहीतरी विसरला असेल म्हणून परत गेला, असं तिने ठरवलं.

त्यानंतर सगळं थोडं थोडं बदललं आणि का बदललं ते तिला कळेना.

मावशी ओरडेनाशी झाली. कोणी रेंगाळलं तरी नुसती बघायची. खायला बसले तेव्हा तिने चंद्रमतीच्या पानावर स्वतःच्या हाताने दही वाढलं आणि म्हणाली, "पोटभर जेव ग, बाळा." बाळा! काल याच मावशीने तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "पुस्तकं वाचून पाय चालत नाहीत." राजमला तिने मावशीची नक्कल करायला सांगितली, तर राजम म्हणाली, "दात दुखतोय." कालपर्यंत तिचे दात उत्तम होते. सुब्रमण्यम गात नव्हता.

आपल्या हातून काही चुकलं असेल का, असं चंद्रमती चालता चालता आठवू लागली. कोणाचं सोवळं मोडलं? बोचक्यात एक छापील पुस्तक होतं, ते कोणी पाहिलं असेल? यात्रेत पुस्तक आणलं म्हणून सगळी रुसली? पण रुसलेली माणसं दही वाढत नाहीत. दोन्ही बाजूंना भाताची रोपं लावणाऱ्या बायका वाकलेल्या होत्या; त्यांच्या गाण्यातले शब्द तिला नेहमी कळत, आज कळत नव्हते.

एका पंदलात ताक मिळालं. आलं, कढीपत्ता घातलेलं, दाट. चंद्रमती म्हणाली, "अप्पांना सांगायला हवं. इथं पाय धुवायचं ताक नाही."

कोणी हसलं नाही. राजम पेला तोंडाला तसाच लावून उभी राहिली. ती पीत नव्हती. मावशी एकदम म्हणाली, "चला, चला, ऊन वाढतंय," आणि ढगाळलेल्या आभाळाखाली सगळी निघाली.

मग चंद्रमती मुद्दामच वंडीच्या बाजूने चालू लागली. सुब्रमण्यम बैलांकडे बघत होता.

"सुब्रमण्यम."

"मज काही ठाऊक नाही, अम्मा," तो म्हणाला.

तिने अजून काही विचारलंच नव्हतं. चाकाचा आवाज येत राहिला. पुढचा प्रश्न तिच्या ओठांशी आला होता. पण तिने हेही वाचलं होतं, ऐकलंही होतं, की सुतक मरणापासून नव्हे, कानावर येण्यापासून लागतं. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस. दूरदेशी असलेल्याला कळेपर्यंत काहीच नाही. तो जेवतो, देवळात जातो, हसतो. हे आत्ताच का आठवावं, हेही तिला कळेना. विचारलं तर याला सांगावं लागेल. नाही विचारलं तर काही झालेलंच नाही.

"अजून किती लांब?" तिने विचारलं.

"आलंच, अम्मा," सुब्रमण्यम म्हणाला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

वडवारूला पाणी भरपूर होतं. पलीकडे गोपुर दिसलं, तेव्हा मंडळींनी मारिअम्मेचा जयजयकार केला, चंद्रमतीनेही केला. देवळाजवळच्या तळ्यात गुळाची ढेप सोडताना तिने डोळे मिटले. "विरघळू दे, आई," ती पुटपुटली. "अप्पांची गाठ विरघळू दे." डोळे उघडले तेव्हा गुळाभोवतीचं पाणी तांबूस झालं होतं. बरोबरीच्या साऱ्या बायका देवळाकडे तोंड करून उभ्या होत्या. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

गाभाऱ्यापुढे गर्दी होती. कडुलिंबाचा पाला, कापूर, घाम. मंडळी एकेक करून पुढे होत होती. पुजारी अर्चनेला नाव, नक्षत्र, गोत्र विचारी, मंत्रात घाली, मग कुंकू देऊन मनगटावरचा काप्पू सोडी. चंद्रमतीची पाळी आली.

"कोणाच्या नावानं?" पुजाऱ्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं, त्याच्या आधी मागून वेंकूमावशी म्हणाली, "शेषाद्री. हिच्या यजमानांच्या नावानं करा. भारद्वाज गोत्र."

चंद्रमती वळली. नवस अप्पांचा. चालणं अप्पांचं. गूळ अप्पांचा. नवरा घरी धडधाकट होता. परवाच त्याने डाळ-तांदळाच्या दोन अडई जास्त खाल्ल्या होत्या. त्याच्या नावाने कशाला? अर्चना आयुष्यासाठी करतात. ज्याला आयुष्य आहे त्याच्याच नावाने करतात.

सकाळपासून न जुळणारी एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. जुटका, दही, राजमचा दात.

मावशीने तिचा दंड धरला होता. "बोल ग," ती अगदी हळू म्हणाली. "शेषाद्री म्हण. एवढं होऊ दे. मग—"

पुजारी ताटातलं फूल उचलून वाट पाहत होता. मागची गर्दी ढकलत होती.

"चिदंबर," चंद्रमती म्हणाली. मुलीने बापाचं नाव असं एकेरी घेऊ नये. पण देवापुढे असंच घेतात. "माझे अप्पा. ते गेले ना, मावशी?"

मावशीच्या हातातला तिचा दंड सुटला.

पुजाऱ्याने फूल ताटात परत ठेवलं. तिच्याकडे त्याने रागाने पाहिलं नाही. नुसतं बाजूला हो म्हणून बोट दाखवलं. ते दाखवायच्या आधीच ती मागे सरली होती. गर्दीतून वाट काढत, कोणाला शिवणार नाही असं अंग चोरत, ती बाहेर आली आणि दगडी पायऱ्यांवर बसली. मनगटावर काप्पू तसाच होता. आता तो कोण सोडणार, तेही तिला कळेना.

वेंकूमावशी पाठोपाठ आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता. एरवी असं कधी झालं नसतं.

"पहाटे गेले," ती म्हणाली. "झोपेतच. रघुनाथानंच माणूस धाडला, अन् सांगून धाडलं, अक्काला कळू देऊ नका, नवस पुरा होऊ दे. मारिअम्मेचा नवस अर्धा राहिला तर घरातल्या लेकरांवर येतं ग. आयकलं नाही तोवर सुतक नाही. मी तुज तेवढं राखलं."

"कधी उचलणार होते?"

"दुपारच्या आत."

चंद्रमतीने वर पाहिलं. ढगांमागून सूर्य कधीच कलला होता.

"सकाळी वंडी फिरवली असती तर?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून तिला ते जमलंही होतं. पण ती पायरीवर टेकली, आणि तिचा एवढा मोठा आवाज अगदी बारीक झाला.

"तर तोंड पाहायला मिळालं असतं, हो."

राजम आणि सुब्रमण्यम खाली वंडीपाशी उभे होते. दोघांनाही ऐकू येईल एवढं जवळ होतं. राजमने पाण्याचा तांब्या भरून धरला होता, पण तिला तो द्यायचं धाडस होत नव्हतं. शिवायचं की नाही, याचा नियम तिला आठवत नसावा.

"मी तुझ्या बऱ्यासाठीच—" मावशी म्हणू लागली.

"ठाऊक आहे मज," चंद्रमती म्हणाली.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती असंच म्हणाली होती. शाळा सुटली तेव्हाही. लोक तिला शहाणी म्हणत, समजूतदार म्हणत, अप्पाही म्हणत. तिने पायरीवर दोन्ही हात टेकले. दगड दिवसभराच्या उकाड्याने कोमट होता. आवाज चढला नाही, पण खाली वंडीपाशी सुब्रमण्यमने मान वर केली.

"मज यायचंच नव्हतं, मावशी," ती म्हणाली. "मज अप्पांजवळ बसायचं होतं."