जास्तीची नावे

टेबलाखाली शिरून ती भिंतीतल्या केबलचे टोक शोधत होती, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले,

"तुमचे फार उपकार झाले, मॅडम."

ती घाईने मागे सरकली आणि टेबलाची कड डोक्याला लागली. बाहेर येऊन पाहते तो दारात तिच्याच वयाची एक बाई उभी. काखेत पिशवी, चेहऱ्यावर संकोच.

"माझे उपकार?"

"बाबांचं काम तुम्हीच केलंत ना? सिस्टरांचा फोन आला होता काल. आज किती दिवसांनी नीट जेवून निघाले घरातून."

"कसलं काम?"

बाई हसली. मोठी माणसे केलेले बोलून दाखवत नाहीत, अशा समजुतीचे ते हसू होते. "राहू दे. गेलं वर्षभर नुसते भिंतीकडे बघत बसायचे हो. म्हटलं, तोंडाने सांगून यावं." आणि ती गेलीसुद्धा.

डोके चोळत ती पुन्हा खाली वाकली. बाबा कोण, काम कोणते, काही पत्ता लागेना. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने तिला डोंगरापलीकडच्या या शाखेत पाठवले होते ते फक्त एक सर्व्हर बसवायला. कर्मचाऱ्यांची नावे, त्यांचे पासवर्ड, कुणाला काय उघडायची मुभा आहे, हे सगळे मोठ्या रुग्णालयातल्या एका सर्व्हरवर असे. इथल्या सिस्टरने सकाळी संगणक लावला की आधी तो सर्व्हर तिला ओळखणार, मग रुग्णाची फाइल उघडणार. मधली लाइन इतकी मंद होती की ओळख पटेपर्यंत रुग्ण कण्हून थकायचा, आणि लाइन तुटली की ओळखच संपली. म्हणून त्या सगळ्या माहितीची एक प्रत इथेच ठेवायची होती. काल दुपारी तिने ती ठेवलीही होती. आज फक्त दोन्हीकडचे नीट जुळते का, ते पाहायचे होते.

ते जुळत नव्हते. इथे सात नावे जास्त दिसत होती.

तिने पुन्हा मोजून पाहिले. सर्व्हर बंद करून चालू केला. सात ती सातच. मेट्रन चहा घेऊन आल्या आणि कप ठेवताना म्हणाल्या, "तुम्ही आलात आणि या जागेला माणसात आणलंत बघा." त्याचाही अर्थ तिला लागला नाही. काल याच मेट्रनबाईंनी तिला धड खुर्ची दिली नव्हती.

तिने मोठ्या रुग्णालयात वरिष्ठांना फोन लावला. आवाज उशिरा पोहोचत होता. दोघे एकदम बोलत आणि मग एकदम गप्प होत.

"जास्त कशी असतील?" ते म्हणाले. "इथलीच नावं तिकडे गेलीत ना? कमी असतील, नीट बघ."

"जास्तच आहेत, सर. सगळी प्रत लाइनवरून उतरवायची तर आठवडा गेला असता, म्हणून तुम्ही दिलेली डिस्क लावली. नंतरचे बदल तेवढे लाइनवरून घेतले."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

"कुठली डिस्क दिली मी?"

"निळ्या झाकणाची."

"अरे देवा. ती गेल्या वर्षीची. तिकडच्या दौऱ्यासाठी बनवली होती आणि दौराच रद्द झाला, बघ." मग त्यांनीच उलगडून सांगितले. कुणी नोकरी सोडली की त्याचे नाव काढतात. काढल्याची खूण मोठा सर्व्हर काही महिने सांभाळतो, मग तीही पुसून टाकतो. जुन्या डिस्कवर ती माणसे होतीच; ती गेल्याचे तिच्या नव्या सर्व्हरला कुणी कळवलेच नव्हते.

"म्हणजे गेलेले लोक परत आले," ती म्हणाली.

"काढून टाक. आत्ताच्या आत्ता. तिथल्या तिथे निघतात."

तिने ती नावे पडद्यावर आणली. सहा जण मोठ्या रुग्णालयातले होते. सातव्यापुढे लिहिले होते, औषधनिर्माता, आणि खाली या शाखेचा पत्ता. सकाळची ती बाई म्हणाली होती ते हेच. बाबांचे काम.

औषधांची खिडकी व्हरांड्याच्या टोकाला होती. मेट्रन वाटेतच भेटल्या, तेव्हा तिने औषधनिर्मात्याविषयी विचारले.

"काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी पाठवलंच नाही हो. वॉर्ड सोडून सिस्टरच गोळ्या वाटायच्या. काल काका स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. सिस्टरचं काही उघडेना, तर सवयीने यांनी आपलं नाव घातलं. आणि उघडलं की! म्हटलं, काकांना परत घेतलं, मोठ्या ऑफिसला उशिरा का होईना, अक्कल आली."

तिने खिडकीमागच्या खोलीचे दार ढकलले.

आत काका खिडकीशी बसले होते. शर्टाची इस्त्री कडक होती. एक सिस्टर शेजारी उभी राहून डब्यातल्या गोळ्या पडताळून पाहत होती. बाहेर बरीच रांग होती.

"बसा," मागे न पाहता ते म्हणाले. "ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या."

सिस्टर डबा ठेवायला आतल्या खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "काका, एक सांगायचं होतं."

"नावाचं ना?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"सगळी नोकरी इथे गेली माझी. मोठ्या ऑफिसनं कुणाला परत बोलावल्याचं ऐकलं नाही. बोलावलं असतं तर आधी एक पत्र आलं असतं, मग ते रद्द केल्याचं दुसरं." त्यांनी पाकीट दुमडले. "मी कुणाला काही म्हटलं नाही. माझ्याआधी बातमीच घरी पोहोचली. गेलो तर लेक शर्टाला इस्त्री करत होती. मग माझ्याच्यानं बोलवेना."

खिडकीतून एक हात आत आला. काकांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितले.

"कधी काढताय?"

"सर म्हणाले, लगेच."

"मागच्या वेळी माझं नाव भर दुपारी बंद केलं होतं," ते म्हणाले. "शेवटचा दिवस होता, कबूल. पण दिवस संपला नव्हता. समोर एक बाई लेकरू घेऊन उभी, औषध अर्धंच दिलेलं. मी आपला पासवर्ड घालतोय, पुन्हा घालतोय. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी तीच म्हणाली, राहू द्या काका, नंतर येते." त्यांनी पुढचे पाकीट ओढले. "आलीही असेल. मी नव्हतो."

सिस्टर परत आली तशी ती उठली.

खोलीत येऊन तिने सहा नावे काढली. मग हात मांडीवर ठेवून बसली. फोन वाजला.

"काढलीस?"

"सहा काढली."

"आणि सातवं?"

उघड्या दारातून तिला रांगेचे शेपूट दिसत होते. काठी टेकत एक म्हातारा नुकताच मागे येऊन उभा राहिला होता.

"लाइन फार हळू चाललीय, सर."

"अगं, त्याला लाइन कशाला लागते?"

तिने फोन कानापासून जरा दूर धरला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"तुटतंय, सर," ती म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

ऊन व्हरांड्यातून उतरले तेव्हा काका दारात आले. चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"रांग संपली. बंद करून आलो, माझं मीच. आता तुमचं चालू द्या."

"काका, घरी मी बोलू का? चूक आमची आहे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. एवढ्यात त्यांची मुलगी, सकाळची तीच बाई, पायऱ्या चढून वर आली. त्यांना घरी सोबत न्यायला आली असावी.

"आटोपलं एवढ्यात?" तिने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली. "उद्या डबा किती वाजता करू?"

काका चपला घालत होते. अंगठा काही केल्या नीट बसेना. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग दारात उभ्या असलेल्या सर्व्हरवाल्या बाईकडे, आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचे सकाळचे हसू हळूहळू उतरले.

"चल," काका म्हणाले. "वाटेत सांगतो."