उठू का?

पाटीवाले गेले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा कॉम्प्युटरही गेला. गल्लीतले लोक म्हणाले, काय ही निष्ठा. असं आजवर फक्त कुत्र्यांच्या बाबतीत ऐकलं होतं.

पाटीवाले म्हणजे दारावरच्या पाट्या करणारे. दातांचे डॉक्टर, नोटरी, ‘कुत्र्यापासून सावध राहा’, ‘घंटा एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही’ अशा पाट्या करून त्यांनी शहरातल्या निम्म्या दारांना तोंड दिलं होतं. मागच्या खोलीत ते कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायचे, शेजारचं मशीन घूं घूं करत ती पाटीवर खोदायचं, आणि खोलीच्या दारात स्टुलावर बसून वहिनी बारीक ब्रशाने त्या खाचांत रंग भरायच्या. उजेड दारातच चांगला यायचा. वहिनींचा हात इतका स्थिर, की एकदा ‘अ’च्या पोटात मुंगी शिरली, तर तिच्या भोवतीने रंग भरून वहिनींनी तिला कोरडी बाहेर जाऊ दिली. असं पाटीवाले सांगायचे. पाटीवाल्यांचं बोलणं अर्धं सोडून द्यावं, असं सगळे म्हणत. पंचाईत एवढीच, की कोणतं अर्धं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांची एक थाप वहिनींच्या अंगवळणी पडली होती. ते गिऱ्हाइकाला सांगायचे, “माझ्या कॉम्प्युटरला बायको लागते. ही उठली की तो बसतो.” मग वहिनींना म्हणायचे, “ऊठ गं जरा.” वहिनी उठायच्या आणि पडदा काळा. “बस.” वहिनी बसल्या, की पाटीवाले बटण दाबायचे आणि पडदा उजळायचा. गिऱ्हाईक हसून टेबलाखाली त्यांचा पाय कुठे आहे ते बघायचं. वहिनींनाही तेच वाटायचं. या माणसाचा पाय कुठल्यातरी बटणावर असणार. तरी सवय ती सवय. स्वयंपाकघरात जायचं असलं, की त्या ब्रश पुसत विचारायच्या, “उठू का?” आतून उत्तर यायचं, “थांब, सेव्ह करतो. हं, ऊठ आता.” त्यांच्या संसारात यापेक्षा गोड असं फारसं काही बोललं गेलं नसेल.

आता टेबलाखाली पाय नव्हता आणि कॉम्प्युटर सुरू होत नव्हता.

वहिनी त्यांच्या खुर्चीत बसायच्या, बटण दाबायच्या, काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड दिसायचं. रडू यायचं नाही. शेजारीण म्हणायची, “रडा हो जरा, आत तुंबेल.” वहिनी ‘हो’ म्हणायच्या, जणू तिने खिडकी लावून घ्यायला सांगितलं आहे. चहा गार व्हायचा, त्या गार चहा प्यायच्या आणि तो गार आहे हे कप विसळताना लक्षात यायचं.

धाकटा दीर आला. हार्डवेअरचं दुकान, देहाने कपाटासारखा, मनाने चांगला. तीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

“वहिनी, दवाखान्याच्या पाट्या शनिवारी द्यायच्यात ना? नवी इमारत आहे, दर दाराला पाटी. दादाने शब्द दिलाय.”

“हो.”

“मग शनिवारपर्यंत कॉम्प्युटर सुरू झाला तर झाला. नाहीतर मी खोदायचं मशीन माझ्या दुकानात नेतो आणि ऑर्डर दुसऱ्याकडून करून घेतो. आणि तुम्ही आमच्याकडे चला. वरची खोली रिकामीच आहे.”

वरची खोली रिकामी नव्हती. तिथे जावेच्या जुन्या गाद्या होत्या, मोडका पंखा होता, आणि आता एक वहिनी ठेवायची जागा होती. वहिनींना सगळ्या जगाबद्दल काहीच वाटत नव्हतं, फक्त त्या खोलीत जायचं नव्हतं. तेही फार जोरात नाही. दात काढल्यावर सुन्न हिरडीला जीभ लावून बघतात, तेवढंच.

“मी घरी येणारा माणूस बघते,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारे शहरात पैशाला पासरी झाले होते. पहिल्याची जाहिरात बसच्या पाठीवर होती, म्हणजे बस गेली की नंबरही गेला. वहिनींनी तो तीन बसांमधून जुळवला. फोनवर आधी गाणं लागलं, मग एक बाई म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा गाणं. वहिनींनी तोवर डाळ शिजवून घेतली.

आलेला माणूस इतका इस्त्री केलेला होता, की बसताना मोडेल असं वाटावं. तो सरळ पाटीवाल्यांच्या खुर्चीत बसला आणि दांडा ओढून खुर्ची खाली घेतली. पाटीवाले उंच होते. खुर्ची फुस्स करून खाली गेली तेव्हा वहिनींनी तिकडे पाहिलं आणि नेहमीच्या जागी, दारातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

इस्त्रीवाल्याने बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला.

“चालू आहे की.”

“मघापर्यंत नव्हता.”

“मॅडम, कधी कधी बटण नीट दाबलं जात नाही.” त्याने बंद केला, सुरू केला, बंद केला, हात पुसले. वहिनी त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या, परत येऊन खुर्चीत बसल्या, बटण नीट दाबलं. काळ्या पडद्यात त्यांचं तोंड होतं, फक्त खुर्ची खाली गेल्यामुळे नाकापर्यंतच.

दुसरा दिराने पाठवला. तो घरी यायचा खरा, पण फक्त खोका उचलायला. त्याने वायरी काढल्या, खोका बगलेत मारला आणि म्हणाला, “दुकानात बघतो.” दोन दिवस खोका दुकानात दिवसरात्र चालला. त्यावर म्हणे दुकानातल्यांनी एक अख्खी क्रिकेट मॅच पाहिली. तो परत आणून जोडताना वहिनी पुन्हा स्टुलावर बसल्या होत्या, आणि कॉम्प्युटर असा झटकन उजळला की जणू वाटच बघत होता.

“याला काही झालेलं नाही, मावशी,” दुसरा म्हणाला. मग आवाज खाली आणून, “तुम्ही थोडे दिवस कोणाकडे जाऊन राहा. मन रमेल.”

तो गेल्यावर कॉम्प्युटर पुन्हा मेला. दिराचा फोन आला. “वहिनी, तो म्हणतो सगळं ठीक आहे. तुम्हाला खरंच बटण… म्हणजे, झोप लागते ना?”

“लागते.”

“उद्या शनिवार. संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो.”

वहिनींना या बोलण्याचाही राग आला नाही. आपण वेड्या झालो असू तर ते कसं कळतं, एवढाच एक विचार येऊन गेला. मीठ आणायला त्या वाण्याकडे गेल्या. वाण्याच्या काचेला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. उन्हाने अक्षरं फिकी झाली होती: ‘कॉम्प्युटर दुरुस्ती. घरी येते. आधी ऐकून घेते, मग मशीन बघते.’ रंग भरणाऱ्या बाईचं लक्ष आधी अक्षराकडे गेलं. ‘ऐकून’ हा शब्द दोनदा गिरवला होता.

“ही कशी आहे?” त्यांनी वाण्याला विचारलं.

“काम बरं करते. पण बोलते फार. माझा वजनकाटा दुरुस्त झाला तेव्हा मला तिच्या सासूची सगळी दुखणी पाठ झाली होती.”

वहिनींनी फोन लावला. गाणं नव्हतं. मागे कुकरची शिट्टी होती.

“काय होतंय ताई?”

“मी बसले की सुरू होत नाही. दुसरं कोणी बसलं की होतो.”

पलीकडे कोणी हसलं नाही. “अस्सं. नवऱ्यासारखाच आहे म्हणा की. उद्या सकाळी येते.”

अशी निवड झाली. वहिनींना कोणी विचारलं असतं, की ही का, तर त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा ती हसली नाही म्हणून.

शनिवारी सकाळी बाई आली. अंगाने भरभक्कम, खांद्यावर अवजारांची पिशवी, कानाला फोन. फोनवर सासू होती. वहिनींनी खुर्ची पुढे केली.

“नको ताई, या फिरत्या खुर्च्यांशी माझ्या कमरेचं वाकडं आहे. तुम्हीच बसा. आणि बिघडवून दाखवा. कसा बिघडतो ते बघितल्याशिवाय मी हात लावत नाही.” एवढं बोलून तिने दारातलं स्टूल ओढलं, त्यावर बैठक मारली आणि फोनमध्ये म्हणाली, “नाही हो, गोळी जेवणानंतर. आधी नाही.”

वहिनी पाटीवाल्यांच्या खुर्चीत बसल्या. बटण दाबलं.

पडदा उजळला. पाटीवाले गेल्यापासून पहिल्यांदाच तो वहिनींच्या बोटाखाली उजळला होता. दवाखान्याची अर्धी राहिलेली पाटी समोर आली. ‘बालरोगत’ इथपर्यंत अक्षरं होती.

“झाला की सुरू,” बाई म्हणाली. “थांबा, पिशवीतून चष्मा घेते.” ती उठली. पडदा काळा.

बाई थबकली. वहिनींनी वळून तिच्याकडे पाहिलं. बाई हळूच पुन्हा बसली. वहिनींनी बटण दाबलं. ‘बालरोगत’. बाई उठली. काळं. “सासूबाई, नंतर करते,” बाईने फोन ठेवला आणि पुन्हा बसून स्टुलाखाली वाकून बघितलं. दाराच्या आरपार जमिनीला एक लाकडी फळी होती. तिने टाच दाबली, तशी फळी पाटासारखी डुगडुगली.

“इथे कोण बसायचं, ताई?”

“मी.”

“रोज?”

“रोज.”

मेन स्विच बंद करून बाईने फळी उचकटली. खाली खाचेतून कॉम्प्युटरची वायर खोलीत जात होती. तिचा सांधा सुटला होता. फळीवर वजन आलं की दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची, वजन हललं की विलग. बाई सगळं ओणवी होऊन बघत होती. मग म्हणाली, “हे बघा. कोणीतरी हात फिरवलाय इथे.”

सांध्याच्या दोन्ही बाजूंना लाल चिकटपट्टी होती. पाट्यांच्या कडांना लावायची, तीच. कडा कातरीने सरळ कापलेल्या. पाटीवाल्यांखेरीज एवढी सरळ पट्टी शहरात कोणी कापत नव्हतं. टोकं मात्र जोडलेली नव्हती. फक्त ठिणगी बाहेर उडू नये एवढं केलेलं होतं.

“माहीत होतं की त्यांना,” बाई म्हणाली. “वायर तोडून जोडायला कितीसा वेळ लागतो? आळस हो, पुरुषांचा. आमच्याकडे नळ असाच गळतोय.”

वहिनींनी टेबलाखाली पाहिलं. टेबलाखाली पाय नव्हता. इतकी वर्षं कधीच नव्हता. माणूस खरं सांगत होता, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने, आणि त्यांनी नेमकं तेच अर्धं सोडून दिलं होतं.

“जोडून टाकू ना?” बाईने विचारलं. “ठेवलं असंच, तर एक दिवस घर पेटेल.”

वहिनींनी स्टुलाकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. ते कुठेतरी खाली, फळीखाली असावं. पण हात पोचत नव्हता.

“जोडा,” त्या म्हणाल्या.

बाईने नवी वायर घातली, सांधा पक्का केला, फळीला चार खिळे ठोकले, आणि सासूच्या गुडघ्याबद्दल बरंच सांगून गेली. कॉम्प्युटर सुरू होता. दारात कोणी नव्हतं, तरी सुरू होता. वहिनींनी दांडा ओढून खुर्ची पुन्हा उंच केली. पाय जमिनीला टेकेनात. त्यांनी तसेच लोंबकळत ठेवले आणि ‘बालरोगत’च्या पुढे ‘ज्ज्ञ’ लिहिलं. मशीन घूं घूं करायला लागलं.

संध्याकाळी दीर आला. बाहेर टेम्पो उभा. आवाज ऐकून तो खोलीच्या दारातच थांबला.

“चालू झाला?”

“झाला.”

“कोणी केला? माझ्या माणसाला तर…”

“एक बाई आली होती. बसा ना, भाऊजी.”

भाऊजी स्टुलावर बसले. स्टूल कण्हलं. खिडकीत तयार पाट्या वाळत होत्या, मशीनवर शेवटची चालू होती. भाऊजींनी एक पाटी उचलून उजेडात धरली, वाचली आणि नखाने न खरवडता परत ठेवली. हार्डवेअरवाल्याच्या लेखी ही मोठीच दाद होती.

“म्हणजे टेम्पो रिकामाच न्यायचा,” ते म्हणाले.

“पाट्या न्या दवाखान्यात. ही शेवटची झाली की लगेच.”

“बरं. आणि तुमची वरची खोली…”

“गाद्या राहू द्या तिथेच, भाऊजी.”

भाऊजी खाली बघून जरा हसले. मशीन थांबलं. वहिनींनी पाटी काढून रंग भरायला घेतला, तिथेच, कॉम्प्युटरसमोर, दिव्याच्या उजेडात. हात स्थिर होता. त्यावर कोणीही मुंगीची थाप मारू शकलं असतं.

“चला, मी टेम्पो मागे घेतो,” म्हणून भाऊजी गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या.

ते अर्धे उठलेले, तसेच थांबले. वहिनींनी ब्रश बाजूला ठेवला, माऊस धरला आणि सेव्ह केलं. मग पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “हं, उठा आता.”

भाऊजी उठले. फळी हलली नाही. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. तो उजळच होता. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीत मागे आला, थांबला. पडदा उजळच होता. पाटीवरचा रंग वाळून भाऊजींनी बाहेरून हाक मारेपर्यंत त्या बघतच राहिल्या. मग खुर्चीतून खाली उतरताना त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून, सवयीने, विचारलं.