अकरा खाचांची खुर्ची

मुकादमबाईंना त्या खुर्चीची शिसारी पहिल्या दिवसापासून होती आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तीस वर्षं मुकादमी केलेली बाई. चादरीवरचा डाग कशाचा, किती दिवसांचा आणि कुठल्या वॉर्डातला, हे त्या लांबूनच सांगत. अशा बाईच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, नवऱ्याने एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची आणून ठेवली.

खुर्ची कसली, उकिरडाच. रेग्झीनच्या चिरांत केसांचे पुंजके, सीटखाली वाळून कडक झालेला दाढीचा फेस, आणि डोकं टेकायच्या उशीवर हजार डोक्यांचं तेल मुरून आलेली काळपट चकाकी. बाईंनी एका बोटाने उशी दाबून पाहिली. बोट चिकटलं, आणि सोडवताना चक्क आवाज झाला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नवरा मात्र खुशीत होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. वर-खाली होणारी कुठलीही वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. आणि या खुर्चीमागे कारणही होतं. बाईंच्या मानेचे दोन मणके डॉक्टरांनी पट्टी घालून जोडले होते, तेव्हापासून मान मागे जातच नव्हती. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नजर पोचायची, त्यापुढे आकाश बंद. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात दिवेलागणीनंतर दोघं गच्चीवर कृत्तिका मोजत आले होते. त्याला सहाच दिसत, बाईंना सात. यावरून पस्तीस वर्षं भांडण. गेले दोन हिवाळे ते भांडण झालं नव्हतं, आणि बाई संध्याकाळच्या गच्चीकडे फिरकतही नव्हत्या.

म्हणून त्या गप्प राहिल्या. म्हणजे त्यांच्या मानाने गप्प. मोटारीच्या सीटचा फोम आला, त्याला कुठल्याशा पोराच्या ओकारीचा आंबूस वास. स्ट्रेचरची चाकं आली, त्यांच्या आसाला जे काही गुंडाळलं होतं त्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. यावर मी मेले तरी बसणार नाही, एवढंच त्या रोज सकाळी एकदा ऐकवत. तो मान डोलवी आणि पुन्हा कानस उचली. पाठ हवी तेवढी कलावी म्हणून तो एका मोडक्या ॲल्युमिनियमच्या शिडीच्या पट्टीवर खाचा पाडत होता. नऊ दिवसांत अकरा खाचा. दर खाच आकाशाच्या एकेका उंचीसाठी, आठवी कृत्तिकांची.

दहाव्या दिवशी तो बोल्ट शोधायला भंगारवाल्याकडे गेला आणि इकडे बाईंचा संयम सुटला. पट्टीला ग्रीस, ग्रीसमध्ये केस, आणि त्यातला एक केस पिकलेला. उशी त्यांनी चिमट्यात धरून थेट कचऱ्याच्या गाडीत टाकली. रेग्झीन सोलून काढलं, सांगाडा घासला. पट्टी मोठ्या पातेल्यात घातली, वर पाणी आणि कॉस्टिक सोडा. माप धुलाईखान्याचंच, पण हात जरा सैल सुटला. पाणी फसफसू लागलं. सोडा इतका जोरात लागू पडलेला त्यांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता. केवढी घाण होती बघा, असं स्वतःशी म्हणत त्यांनी आच मंद केली आणि दुपारभर उकळू दिलं.

धुलाईखान्यात सगळं लोखंडाचं, नाहीतर सुताचं. सोडा ॲल्युमिनियम खातो हे कळायची वेळ तिथे कधी आलीच नव्हती. त्यांनी पट्टी बाहेर काढली तेव्हा चोखून संपत आलेल्या गोळीसारख्या तिच्या खाचा गुळगुळीत झाल्या होत्या. पाठ अडकवायची पिन एकीतही ठरेना.

नवरा आला. त्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली, आठव्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"स्वच्छ निघाली," तो म्हणाला.

आवाजात टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सोड्याने पांढरेफटक पडलेले, सुरकुतलेले, निर्मळ हात. त्यांना त्या हातांची किळस आली. हिवाळा सरत आला होता. दुसरी शिडी मिळून खाचा पडेपर्यंत कृत्तिका दिवेलागणीलाच समोरच्या इमारतीआड गेल्या असत्या, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

अंधार पडू लागला तसा तो खुर्ची उचलून गच्चीवर घेऊन गेला. बाई निमूट मागोमाग गेल्या. आंबूस फोमवर निमूट बसल्या. मागे त्याने बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि खुर्चीची पाठ आपल्या गुडघ्यांवर घेतली. टाचा उचलल्या की पाठ वर, टेकवल्या की खाली. उशी तर बाईंनीच फेकली होती, म्हणून त्यांच्या डोक्याखाली त्याने तळवे धरले. ग्रीसचे तळवे, नखांत काळं, भंगाराचा गंजका वास. असल्या हातांना त्यांनी आजवर साधा टॉवेलही लावू दिला नव्हता.

"हात धुतले नाहीत ना?"

"नाही. विसरलो."

बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी डोकं सोडून दिलं. टाकी खाली गेली, आणि आकाश सुरू झालं.

बराच वेळ गेला. मागे त्याचे गुडघे थरथरायला लागले होते.

"किती?" त्याने विचारलं.

"सहा. थांबा जरा, सातवी सापडत नाहीये."

सातवी त्यांना केव्हाच दिसली होती.