बॉयलर थंड होण्याचे चाळीस तास

"हे काम कोण करतं?" ट्रेनरने विचारलं.

"कोणी नाही करत."

"असं कसं मॅडम? कोणीतरी करत असेलच ना."

"अगं, बॉयलर थंड होतो. आपला आपण. त्यात कोणी काय करायचं? फुंकर घालायची?"

ती हसली नाही. पडद्यावर त्या ओळीपुढचा चौकोन लाल झाला होता आणि आत नाव भरल्याशिवाय तो काही पांढरा व्हायला तयार नव्हता. फिटर, वेल्डर, क्रेनवाला, हमाल, सगळ्यांची यादी खाली उघडली होती. त्यातला एक निवडा, म्हणत होतं ते सॉफ्टवेअर. शेवटी तिनेच कुठेतरी जाऊन काहीतरी दाबलं आणि चौकोन पांढरा झाला. "आता किती तास ते टाका," ती म्हणाली. मी चाळीस टाकले.

आमची कागदाची मिल. वर्षातून एकदा बारा दिवस अख्खी बंद ठेवतात. सगळी मशिनं उघडायची, झिजलेलं बदलायचं, पुन्हा बंद करायचं. लहानमोठी मिळून तीनशे कामं. कोणतं कशाच्या आधी, कोणतं कशाच्या नंतर, कोणाच्या हातून, हे तेवीस वर्षं मी प्लॅनिंगच्या खोलीत भिंतीवरच्या फळ्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून ठरवत आले. म्हणून मला सगळे पट्टीबाई म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि मला ते चालतं.

यंदा मुख्य कचेरीने हे सॉफ्टवेअर घेतलं. सगळ्या मिल, सगळी कामं, सगळी माणसं एकाच जागी दिसणार. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "बाई, चार आठवडे. ट्रेनर येईल. यंदाचा प्लॅन तुम्ही यात बिनचूक बसवलात तर खुर्ची तुमची. नाहीतर वरून माणूस येईल आणि तुम्हाला गेटपासच्या खिडकीत बसावं लागेल." साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांच्या बोलण्यात 'बघू' हा शब्द नसतो.

चार आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की काहीतरी चुकलं असेल म्हणून परत बसायचं. फळ्यासमोर मी उभी राहून काम करायची, दोन पावलं मागे गेले की बारा दिवस एका नजरेत दिसायचे. इथे पडद्यावर एका वेळी वीस ओळी. एकविसावी बघायला खाली गेलं की पहिली वर पळालेली. गोठ्यातल्या गाई मोजाव्यात आणि दर वेळी एक दाराबाहेर जावी, तसं. ट्रेनर माझ्या भाचीच्या वयाची, हुशार पोरगी, बोटं तर अशी चालायची की बघत राहावं. पण बॉयलर तिने जन्मात पाहिला नव्हता. मी बॉयलर पाहिलेला, सॉफ्टवेअर नाही. अशी आमची जोडी.

त्या चाळीस तासांचं सांगते. मी लागले त्या पहिल्या वर्षी तेव्हाच्या फोरमनने घाई केली. बॉयलर बंद होऊन तीस तास झाले होते, झाकण उघडलं, आत फिटर गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांची सालं निघाली होती. आत वळायला जागा नव्हती म्हणून तो भिंतीला टेकला होता. त्याचं ओरडणं मी वरच्या मजल्यावर ऐकलं. तेव्हापासून चाळीस. कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही. फळ्यावर पट्टी तेवढ्या लांबीची असायची आणि सगळे तिला मानायचे.

शुक्रवारी साहेबांसमोर प्लॅन दाखवायचा होता. भिंतीवर मोठा पडदा, समोर सगळे खातेप्रमुख. पंधरा दिवस झटून भरलेल्या तीनशे ओळी. साहेबांचं बोट नेमकं तिथेच थांबलं.

"बॉयलर थंड होणे, पाच दिवस? बाई, पाच दिवसांत माणूस थंड होतो."

सगळे हसले. मला कळेना पाच कुठून आले. मी तर चाळीस टाकले होते. आता त्या खोलीत 'मला कळत नाही' म्हणायचं म्हणजे खिडकीची वाट धरायची. मी मूग गिळून बसले.

"गेल्या वर्षी किती होते?"

"दोन दिवसांच्या आतच होतं, साहेब."

"मग दोन करा."

ट्रेनरने पाच खोडून दोन केले. दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास, मी मनात म्हटलं, चाळीसपेक्षा आठ जास्तच. मान हलवली. मग साहेब म्हणाले, की शटडाऊनमध्ये काम तिन्ही पाळ्यांत चालतं, हे एवढ्या रिकाम्या रात्री का दिसतायत? ट्रेनर म्हणाली, कॅलेंडर बदलावं लागेल सर, आणि तिने बदललं. सगळ्या ओळी सरसर डावीकडे सरकल्या. तळाचा एकूण दिवसांचा आकडा अकरावर येऊन थांबला. साहेबांचा चेहरा खुलला. बारा दिवसांचा शटडाऊन अकरावर आणायला त्यांनी दोन वर्षं धडपड केली होती.

शनिवारी सकाळी ते आमच्या खोलीत आले. "मुख्य कचेरीला अकरा दिवस कळवलेत. बाई, तुम्ही पास." एवढं बोलून गेले. ट्रेनरने माझा हात दाबला. मला काय वाटलं सांगू? मी उठून खिडकी उघडली आणि उगाच बंद केली. आनंद झाला होता, आणि तो ठेवायचा कुठे ते सुचत नव्हतं. फळ्याकडे बघून म्हटलं, बस आता निवांत.

दुपारी छापील कागद आले. तीनशे ओळी मी बोट ठेवून वाचत होते, सवयच आहे. सोमवार रात्री दहा, बॉयलर बंद. मंगळवार दुपारी दोन, झाकण उघडणे, फिटर आत.

बोट तिथून हललं नाही. मी हातावर मोजलं. दहा ते दहा बारा, दहा ते दोन चार. सोळा तास. पुन्हा मोजलं. सोळाच.

ट्रेनरला बोलावलं. ती कागद बघत राहिली, मग पडद्यावर गेली, मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, सॉफ्टवेअर मनात तासच धरतं. आधी त्याचा दिवस आठ तासांचा होता. तुमचे चाळीस म्हणून पाच दिवस दिसले. आपण दोन दिवस केले, म्हणजे त्याने सोळा तास लिहून घेतले. मग आपण रात्रंदिवस चालवलं. सोळा ते सोळाच राहिले." ती 'ताई' म्हणाल्याचं माझ्या नंतर लक्षात आलं. मॅडम सुटलं होतं तिचं.

"म्हणजे वाचलेला दिवस तो हाच?"

तिने मान डोलावली. तिचा चेहरा उतरला होता. पहिल्याच मोठ्या कामावर आलेली पोर.

घरी गेले तर नवरा पाय लांब करून बसलेला. तो शाळेची बस चालवतो. त्याला सगळं सांगितलं, येरझाऱ्या घालत सांगितलं.

"आधी बस तरी," तो म्हणाला. "फरशी झिजेल. मग सांग की साहेबांना."

"सांगितलं की खुर्ची गेली. हात दाखवून अवलक्षण."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर फोरमन झाकणाला हात लावून बघेल, गरम आहे म्हणेल आणि थांबवेल. आपोआप."

"बघेल?"

मी थांबले. याच्या आधीचा फोरमन असता तर त्याने बघितलं असतं. हा आठ महिन्यांपूर्वी आलेला, भला माणूस, पण कागदावर दोन वाजता लिहिलं की दोन वाजता पान्हा लावणारा. अकरा दिवसांचा डंका वाजल्यावर त्याची काय टाप होती थांबायची?

"मी असतो तर सांगितलं नसतं," नवरा म्हणाला.

"खोटं बोलताय."

"हो. पण तुला आवडेल असं वाटलं."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. तेवीस वर्षं त्या खोलीत काढली हो मी. लग्नाआधीपासून. त्या खोलीला कुलूप लावताना कुठे हात घालून दार ओढावं लागतं ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

रविवारी साहेब मिलमध्येच होते. ट्रेनर माझ्या मागे आली, मी बोलावलं नव्हतं. कागद पुढे ठेवला आणि सांगितलं. साहेबांनी दोनदा ऐकलं. माणूस इंजिनिअर आहे, समजायला वेळ लागला नाही. डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले.

"अकरा दिवस कळवलेत मी," ते म्हणाले.

"बारा कळवावे लागतील."

"कारण विचारतील. चूक कोणाची म्हणून लिहू?"

ट्रेनर जमिनीकडे बघत होती. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. दोन तर तिने टाकले होते. साहेबांनी टाकायला सांगितले होते. मी मान हलवली होती. आम्हा तिघांनाही हे ठाऊक होतं. चूक कोणाची हे नीट ठरवायला बसलो असतो तर आठवडा गेला असता, चौकशी, पत्रं, सह्या. आणि झाकण मंगळवारी दुपारी उघडणार होतं.

"माझी लिहा," मी म्हटलं. "कॅलेंडर न बघता पहिला आकडा मी टाकला. पण आजच लिहा साहेब, आत्ता."

साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. "बाई, मग मला दुसरा मार्ग राहत नाही."

"माहीत आहे."

त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर पाठवलं. बाहेर आल्यावर ट्रेनर म्हणाली, "ताई, मी बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हवं होतं." उगाच गोड बोलणं मला जमत नाही. मग तिला खोलीत नेलं आणि दोघींनी बसून सगळी कामं पुन्हा तपासली, आपोआप होणारी शोधून काढली. लेप सुकणे, पाया घट्ट होणे, टाकी रिकामी होणे. अकरा निघाली. प्रत्येकाला चोवीस तासांचं वेगळं कॅलेंडर तिने मला जोडायला लावलं, स्वतः हात लावला नाही. अकराव्या वेळी मला ते न बघता जमलं. शिकले म्हणायचं, पण केव्हा?

सोमवारी सकाळी मी गेटपासच्या खिडकीत बसले. काम सोपं. आत येणाऱ्याचं नाव, बाहेर जाणाऱ्याची वेळ, शिक्का. दिवसभर खुर्चीत बसून पाय आखडले. रात्री दहाला बॉयलर बंद झाला असणार, मी तेव्हा घरी होते. झोप लागली नाही.

बाहेरगावचे फिटर मंगळवारचे म्हणून आधीच बोलावलेले. त्यांना परत कोण पाठवणार? ते मंगळवारी आले आणि बॉयलरच्या शेडबाहेर सावलीत बसून राहिले. बारा माणसं. मंगळवार संपला, बुधवारी पुन्हा येऊन बसले. खिडकीतून मला ते दिसत होते. कोणी पत्ते कुटत होते, कोणी तोंडावर रुमाल टाकून आडवे. साहेब दोनदा तिथून घड्याळ बघत गेले. फोरमन झाकणाकडे गेला नाही.

बाराच्या सुमाराला त्यातला एक खिडकीशी आला. काडीसारखा बारीक, म्हणजे झाकणातून पहिला आत जाणारा हाच.

"बाहेर जाऊन येतो मावशी. चहा तरी घेतो. बसून बसून जीव विटला."

मी पास लिहायला घेतला.

"दीड दिवस झाला नुसतं बसवून ठेवलंय," तो म्हणाला. "इथे प्लॅनिंग कोण करतं हो? नुसता बिनडोक कारभार."

माझं पेन थांबलं. सांगावंसं वाटलं, अरे बाबा, ऐक. त्याचे हात खिडकीच्या फळीवर होते, धडधाकट, नखांत काळं गेलेलं.

"आता दुसरा माणूस आलाय," मी म्हटलं. "परत कधी?"

"दोनला उघडणार म्हणे."

"मग पावणेदोनला ये."

मी वेळ लिहिली आणि शिक्का मारला. शाई ओली होती, हात लागला की पसरली असती. तो पास ओढायला लागला तसा मी कागद धरून ठेवला.

"थांब जरा."

"आणखी थांबू?" तो वैतागून म्हणाला, आणि थांबला.