मिस काय बोलली

व्हॅलेन्सियाने लुगड्याचा काष्टा तिसऱ्यांदा सोडला आणि वैतागून पुन्हा कमरेपासून सुरुवात केली. लाल-हिरव्या चौकड्यांचं ते जुनं सुती लुगडं कमरेला पुरत होतं, पायांना पुरत होतं, पण खांद्यावर पदर घ्यायची वेळ आली की हातात वीतभरच उरत होतं.

"आंटी, मी चुकतेय का कुठे? व्हिडिओत तर असंच दाखवलंय."

"नाही, चुकत नाहीयेस," ऑलिव्ह म्हणाली आणि भाचीच्या खांद्यावरून घसरणारं टोक तिने हातात धरलं.

ख्रिसमसचा दुसरा दिवस होता. सकाळी सगळ्यांनी सिमेट्रीत जाऊन मम्मा-पप्पांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि आता मरोळ गावठाणातल्या तिच्या भावाच्या, व्हिक्टरच्या घरी टेबलावरचे तळलेले फुगे आणि चिकनचा रस्सा संपत आला होता. जेवण झालं की प्रत्येकाने मम्मा-पप्पांची एक तरी आठवण सांगायची, हा या भावाबहिणीच्या घरचा रिवाज. यंदा रविवारी पॅरिशमध्ये जुन्या पेहरावाचा कार्यक्रम होता, म्हणून व्हिक्टरच्या मुलीने, व्हॅलेन्सियाने, आजीची पेटी उघडून हे लुगडं बाहेर काढलं होतं.

"पप्पाला फसवला दुकानदाराने!" व्हिक्टर खुर्चीत रेलून हसला. "आपलं शेत गेलं ना, त्याच्या आधीच्या ख्रिसमसला त्याने हे मम्माला आणलेलं. नऊवारी सांगून सहावारी गळ्यात मारलं असणार. भोळा सांब होता बिचारा, कोणीपण टोपी घालायचा त्याला."

सगळे हसले. ज्याने आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं तो मेलरॉयसुद्धा बहिणीकडे बघून हसला. ऑलिव्हच्या हातातल्या टोकाला किनार नव्हती. कापलेली कड आत दुमडून हाताने बारीक टाके घातले होते, आणि ते टाके कोणाचे ते तिला चांगलंच ठाऊक होतं. मेलेल्या बापाला उगाच बोल लागत होता. गप्प राहायची तिला सवय होती, पण आज सकाळीच त्याच्या कबरीवरची धूळ तिने रुमालाने पुसली होती.

"पप्पाला कोणी फसवलं नाही," ती म्हणाली. "लुगडं पुरं होतं. मम्माने कापलं. त्यातूनच तिने तो फ्रॉक शिवला."

"कुठला? मिसला भेटायला घालून गेली तो?" व्हिक्टरने मांडीवर थाप मारली. "च्यायला! म्हणून तिने परत हे नेसलं नाही होय! फ्रॉकचे चौकडे कोण बघतो त्या वयात. मला वाटायचं, आमची मम्मा मॉडर्न झाली."

मग तो मुलांकडे वळला. ही गोष्ट मुलांनी दर ख्रिसमसला ऐकली होती, पण व्हिक्टरला ती सांगितल्याशिवाय जेवण जिरत नसे.

"आंटी सातवीत होती. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांच्या आया फ्रॉक घालून यायच्या, इंग्लिश फाडायच्या. आमची मम्मा लुगड्यात, आणि अंगठाछाप. पॅरेंट्स डे आला, तर ही बया फ्रॉक घालून तयार! पप्पा बोलला, मॅडम, आमची बायको बघितली काय कुठे? आणि परत आली तीपण कशी, मान ताठ. 'मिस भेटली मना. बोलली, तुजी पोरी टीचर व्हनार.' आख्ख्या गावठाणात सांगत फिरली. मग काय, झाली ना टीचर! छत्तीस वर्षं!"

"सो स्वीट, आंटी," व्हॅलेन्सिया म्हणाली. तिचे डोळे दरवर्षीसारखे भरून आले होते.

"आंटी, तशीच उभी राहा तिच्या बाजूला," मेलरॉयने मोबाइल वर धरला. "ग्रुपवर टाकू या."

इथे थांबता आलं असतं. पप्पावरचा ठपका पुसला गेला होता, मम्माचं कौतुक झालं होतं आणि ऑलिव्हचंही. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये हीच गोष्ट तिने स्वतः सांगितली होती. पोरी रडल्या होत्या, टाळ्या थांबत नव्हत्या. त्या टाळ्या आठवल्या की तिला अजून शरमेने मेल्यासारखं व्हायचं.

"फोटो नको," ती म्हणाली. "पॅरेंट्स डे शुक्रवारी होता. मी मम्माला शनिवार सांगितला."

व्हिक्टरच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तिने येऊ नये म्हणून. लाज वाटायची मला तिची. लुगड्याची, बोलण्याची. ती फ्रॉक शिवतेय हे मला माहीत नव्हतं रे. शनिवारी सकाळी घालून समोर उभी राहिली. विचारलं, बरी दिसते ना? तेव्हा तरी सांगायचं होतं. मी पाव खात बसले."

"जाऊ दे ना. दिवस चुकला तरी मिस भेटली ना तिला," व्हिक्टर म्हणाला. ती गोष्ट त्याच्याने सोडवत नव्हती.

"शनिवारी शाळा बंद असायची, व्हिक्टर. गेटला कुलूप."

मेलरॉयने मोबाइल खाली घेतला. व्हिक्टरने समोरची बशी उगाच सरळ केली आणि परत होती तशी ठेवली.

"मग ग्रॅनी तुला ओरडली नाही?" मेलरॉयने विचारलं.

"एका शब्दाने नाही. मरेपर्यंत नाही."

व्हॅलेन्सिया कमरेभोवती अर्धवट नेसलेल्या लुगड्यात तशीच उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, मग आंटीकडे.

"पण मग मिस जे बोलली ते? टीचर होणार म्हणून?"

ऑलिव्ह अंगठ्याने ते टाके चाचपत राहिली.

"मिस नव्हतीच गं तिथे," ती म्हणाली. "ते मम्माच बोलली."