आलेकीचा वाटा

रात्रभर फ्रिजमध्ये उभ्या ठेवलेल्या नळीत तळाशी गोठलेलं रक्त होतं, त्यावर गढूळ पिवळसर पाणी आणि सगळ्यात वर नखाच्या जाडीचा पांढरा थर. नारळाच्या दुधावर साय धरते, तसा. उपाशीपोटी दिलेल्या रक्तात असा थर दिसायला नको. आमच्या प्रयोगशाळेत अशा नळ्या अधूनमधून येतात. या नळीवर माझं नाव होतं.

"औषधं त्यांचं काम करतायत, लूपे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुझ्या आईचं जेवण जास्त जोरात काम करतंय. या मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या जाड व्हायला लागल्यात. असंच चाललं तर पुन्हा डायलिसिस."

"आईशी बोलते," मी म्हटलं. मागच्या तपासणीलाही हेच म्हटलं होतं.

मूत्रपिंड माझ्या भावाचं, आलेकीचं. मला ते देऊन तो पुढे कितीतरी वर्षं धडधाकट जगला. मग एका हिवाळ्यात मुरीवायच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर गळ टाकून बसलेला असताना लाटेनं त्याला ओढून नेलं. समुद्रानं त्याला परत दिलं नाही. पुरायला काही नव्हतं, फुलं ठेवायला जागा नव्हती. आईला कळून चुकलं की तो जेवढा उरलाय, तेवढा माझ्या पोटात आहे.

तेव्हापासून मांगेरेतल्या आमच्या घरी रविवारी चर्चमधून आल्यावर माझ्या ताटात दोघांचं पडतं.

तपासणीनंतरच्या रविवारीही मागच्या अंगणात तापल्या दगडांवर डुक्कर भाजलं होतं. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांच्या पुरचुंड्या आईनं उघडल्या. टोफामामानं कुरकुरीत कातड्याकडे हात नेला, तशी आईनं त्याच्या मनगटावर पळी मारली.

"ते आलेकीचं आहे!"

"मेलेल्याचं खातेय ही आणि जिवंत मामा उपाशी," मामा मनगट चोळत म्हणाला. "निदान एक तुकडा दे गं ताई, मीही त्याचं नाव घेऊन खातो."

"तुझ्या पोटात माझा मुलगा नाही, टोफा. नुसती बिअर आहे."

सगळे हसले. मीही हसले. आणि तो कातड्याचा तुकडा माझ्या ताटात आला.

लहानपणी मला कातड्याच्या वासानंही मळमळायचं. आलेकी माझ्या ताटातलं उचलून खायचा. आता शनिवारपासूनच तोंडाला पाणी सुटतं. प्रत्यारोपणात मूत्रपिंडाचे मज्जातंतू तुटतात. ते काही सांगू शकत नाही, मागू शकत नाही. हे मी शिकले आहे. तरी जेवताना उजव्या ओटीपोटात, जिथे ते बसवलंय, तिथे कोणीतरी सावरून बसल्यासारखं वाटतं.

जेवण आटोपलं की आई माझ्याशेजारी येते, तळहात तिथे ठेवते आणि विचारते, "आलेकी, पोट भरलं का रे?" मी नेहमी गप्प बसायचे. त्याच्या आदल्या रविवारी मात्र माझ्याच तोंडून आलं, "अजून थोडं." आवाज जाडसर होता. मामानं घास खाली ठेवला होता. आई आनंदानं रडली होती.

या वेळी मी ताटाला हात लावायच्या आधीच तिचा तळहात आला. उबदार, नारळाच्या वासाचा.

"आज खात का नाहीस रे, आलेकी?"

अळूच्या पुरचुंडीतलं दूध निवत होतं. त्यावर नखाच्या जाडीचा पांढरा थर धरला होता. पोटात काहीतरी सरकलं. तोंडाला पाणी सुटलं. मी ते गिळलं आणि आईचा हात धरून बाजूला केला.

"लूपे?"

"हो, लूपेच," मी म्हटलं. आवाज माझा होता. "आई, तू त्याला जेवू घालतेस आणि ते मूत्रपिंड मरतंय. त्यानं ते मला दिलं. आता ते माझं आहे. त्याचा वाटा मी यापुढे खाणार नाही."