जोड कोणत्या बाजूला

सोमवारी आणि गुरुवारी मास्तरांनी मूठ मिटली की चष्म्यातला हात उघडत असे. इतर दिवशी तोच हात त्यांचे मुकाट्याने ऐकत असे.

मित्रांनो, मी एक जुना संवेदक पट्टा आहे. ताणणारे काळे कापड, आतल्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढ्या धातूच्या आठ चकत्या आणि दोन टोके जुळतात तिथे एक जाड जोड, एवढाच माझा देह. स्नायू आकसला की त्वचेवर विजेची अतिसूक्ष्म लहर उमटते. ती टिपून मी संगणकाला कळवतो आणि डोळ्यांवर मोठा चष्मा चढवलेल्या माणसाला आभासी टेबलावरचा कप उचलता येतो. मी मनातले ओळखतो, असे पाहुणे कौतुकाने म्हणतात. ते खरे नाही. कोणत्या चकतीखाली काय हलले, तेवढेच मला कळते.

पुनर्वसन केंद्रात मी पुष्कळ हात पाहिले, पण टेलरमास्तरांचा हात विसरत नाही. अपघातात त्यांचा उजवा पंजा गेला होता. मूठ मिटणारे आणि उघडणारे स्नायू मात्र कोपराखाली शाबूत होते. यंत्राचा हात मिळण्यासाठी त्यांना मला स्वतः चढवून कप लागोपाठ दहा वेळा उचलून दाखवायचा होता. परीक्षा एका गुरुवारी ठरली होती.

"सोमवारी याची सुट्टी असते वाटतं," मास्तर हसून म्हणत.

"अहो, तुम्ही कोणाचं ऐकत नाही, मग तो तुमचं कशाला ऐकेल?" सोबत येणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणत.

तंत्रज्ञ ताईंनी माझी बॅटरी बदलली, चकत्या पुसल्या, खोलीचे तापमान टिपून ठेवले. डॉक्टरांना स्नायूच थकल्याची शंका आली. शेवटी मला खणात टाकून नवा पट्टा आणला गेला. त्या खणातले दिवस फार सुखाचे नव्हते. नव्यानेही सोमवारी तेच केले, आणि मी निर्दोष सुटलो.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी ताई दुसऱ्या इमारतीतले काम सोडून आल्या आणि मास्तरांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "मास्तर, मी इथे नाहीच असं समजा. रोज घालता तसा पट्टा घाला."

मास्तरांनी मला डाव्या हाताने वर सरकवले, दोन बोटांनी अर्धे फिरवले आणि वर नीट बाही ओढली.

"थांबा! आत्ता काय केलंत?"

"काय म्हणजे? जोड खाली घेतला. चाळीस वर्षं कपडे शिवले, ताई. जोड चारचौघांत दाखवायचा असतो का?"

"घरातल्या उशांचेही जोड भिंतीकडे करून ठेवतात हे," काकू म्हणाल्या.

ताईंनी कपाळावर हात मारला. "मी कायम जोड वर ठेवते हो. पण ते तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही!"

गुरुवारी मास्तरांनी मला जोड वर ठेवून चढवले. तो त्यांना शेवटपर्यंत खुपत होता. दोनदा बोटे तिकडे गेली आणि परत आली. कप दहाही वेळा उचलला गेला. हाताच्या मागणीवर डॉक्टरांनी तिथेच सही केली.

आता माझे कापड सैल झाले आहे, तरी नवशिक्यांच्या सरावाला मी चालतो. मित्रांनो, माझ्या चकत्या कोरड्या फडक्याने पुसत जा, मला घडी न घालता ठेवा. आणि एखादा हात चुकला असे वाटले, तर आधी मला कसे बांधले आहे ते पाहा.

ताईंनी नोंदवहीत लिहिलेले कारण असे: सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ताई दुसऱ्या इमारतीत असत, म्हणून मास्तर पट्टा स्वतः चढवत. तो अर्धा फिरल्याने मूठ मिटणाऱ्या स्नायूंवरच्या चकत्या मूठ उघडणाऱ्या स्नायूंवर येत. मास्तरांचा हात पहिल्या दिवसापासून बरोबर होता.